व्हिएतनामला निघण्याआधी 'द क्वाएट अमेरिकन' वाचा, पण नकाशा शेजारी ठेवून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर व्हिएतनामच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. मुंबईहून थेट विमान आहे, खर्च युरोपच्या मानाने पुष्कळ कमी आहे, त्यामुळे सातारा, कराड, सांगलीकडची मंडळीही आता तिकडे वळू लागली आहेत. सहलीचा आराखडा बहुधा ठरलेलाच असतो. हनोई, हालाँगचा उपसागर, दा नांगजवळचा दोन दगडी भासणाऱ्या हातांवर तोललेला पूल, होई आनचे कंदील आणि शेवटी दीड दिवस हो ची मिन्ह शहर, म्हणजे पूर्वीचे सायगॉन. या दीड दिवसात युद्धसंग्रहालय आणि कु चीची भुयारे होतात, आणि 'अमेरिकेला हरवणारा देश' पाहून माणसे परततात. हे खोटे नाही, पण ही त्या देशाच्या गोष्टीची फक्त दुसरी बाजू झाली. पहिली समजून घ्यायची तर ग्रॅहॅम ग्रीन यांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली 'द क्वाएट अमेरिकन' ही कादंबरी निघण्यापूर्वी वाचावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आणि ती कशी वाचावी हेही सविस्तर सांगणे गरजेचे वाटते, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो युद्धाचा. पुस्तकाच्या नावात 'अमेरिकन' आहे आणि कथा व्हिएतनामची आहे, म्हणजे हे हेलिकॉप्टरे आणि नापामवाले अमेरिकी युद्ध असणार, असे धरून लोक वाचायला बसतात. प्रत्यक्षात कादंबरी फ्रेंचांच्या युद्धाची आहे. व्हिएतनाम ही फ्रेंच वसाहत. ती परत ताब्यात ठेवण्यासाठी फ्रान्सने १९४६ ते १९५४ अशी आठ वर्षे हो ची मिन्ह यांच्या 'व्हिएतमिन्ह' या कम्युनिस्टप्रणीत संघटनेशी लढाई केली. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच हरले, जुलैत जिनिव्हा करार झाला आणि देशाचे दोन भाग पडले. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नसते. अमेरिकेचे मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले ८ मार्च १९६५ रोजी, म्हणजे कादंबरी छापून झाल्यावर तब्बल नऊ वर्षांनी. ग्रीन यांनी १९५१ ते १९५५ या काळातले चार हिवाळे तिथे बातमीदार म्हणून काढले आणि १९५२ मध्ये लिहायला घेतले. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. कादंबरीचे राजकीय मोल इथेच आहे. अमेरिका या आगीत कशी ओढली गेली, कोणत्या सदिच्छेने आणि कोणत्या अज्ञानाने, हे ती आग भडकण्याच्या आधी लिहून ठेवलेले आहे.

कथासूत्र थोडक्यात असे. फाउलर हा सायगॉनमध्ये मुरलेला, थकलेला ब्रिटिश बातमीदार. पाइल हा बॉस्टनचा तरुण, अमेरिकी आर्थिक मदत मोहिमेत कामाला. त्याने एका लेखकाची पुस्तके वाचून ठरवून टाकले आहे की व्हिएतनामला फ्रेंच नकोत आणि कम्युनिस्टही नकोत, एक 'तिसरी शक्ती' हवी. फुओंग ही तरुणी आधी फाउलरबरोबर राहते, नंतर पाइलकडे जाते. पहिल्याच प्रकरणात पाइलचा मृतदेह दाकाओच्या पुलाखाली सापडतो. त्याला कुणी आणि का मारले, हे इथे सांगणार नाही. 'तिसरी शक्ती' हे शब्द मात्र पेन्सिलीने खूण करून ठेवावेत, कारण सारे राजकारण त्या दोन शब्दांभोवती फिरते. पाइलला ही शक्ती सापडते ती जनरल थे या बंडखोरात. हा थे कल्पित नाही. त्रिन्ह मिन्ह थे १९५१ मध्ये काओ दाई पंथाच्या सैन्यातून फुटला आणि १९५५ मध्ये मारला गेला. ९ जानेवारी १९५२ रोजी सायगॉनच्या भर चौकात झालेल्या स्फोटांची जबाबदारी त्याच्याकडे जाते. कादंबरीच्या तिसऱ्या भागातला स्फोट त्यावरच बेतला आहे. त्यामागे अमेरिकी हात ग्रीन यांनी दाखवला. इतिहासकारांमध्ये मात्र त्याबद्दल आजही एकमत नाही. वाचताना हा फरक मनात असू द्यावा.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे. पुस्तक लहान आहे, साधारण १८०-१९० पाने, चार भाग. इंग्रजी सोपे, वाक्ये आखूड. त्यामुळे 'विमानात वाचून काढू' असा बेत बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. कारण कथा सरळ चालत नाही. ती पाइलच्या मृत्यूपासून सुरू होते, काही महिने मागे जाते, मग पुन्हा मृत्यूनंतरच्या दिवसांत येते, पुन्हा मागे. रात्रीच्या विमानात पेंगत वाचणाऱ्याला तिसऱ्या प्रकरणापर्यंत कळेनासे होते की पाइल जिवंत आहे की मेला आहे. उपाय साधा आहे. पुस्तकाच्या मागे एक कोरा कागद ठेवावा, मध्ये उभी रेघ मारावी, डावीकडे 'पाइल असताना' आणि उजवीकडे 'पाइल गेल्यावर' असे लिहावे आणि प्रत्येक प्रकरण संपले की एका ओळीत त्याची नोंद योग्य बाजूला करावी. तेवढ्याने गुंता सुटतो.

ई-व्हिसाचा अर्ज भराल त्या दिवशी पुस्तक उघडावे, हा हिशेब चांगला जमतो. (एकदाच प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क २५ डॉलर आहे. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, वडिलांच्या नावासकट भरावे. आपल्याकडच्या तिहेरी नावांमुळे अर्ज अडकतात ते इथेच.) प्रवासाला साधारण तीन आठवडे असतील तर पहिले दोन-तीन दिवस फक्त सालांची उजळणी आणि नकाशा यांना द्यावेत. पहिला भाग सर्वांत मोठा आणि सर्वांत उलटसुलट, त्याला आठवडा लागतो. दुसऱ्या भागाला चार-पाच दिवस, तिसरा आणि चौथा वेग घेतात, त्यांना मिळून तेवढेच पुरतात. आणि शेवटचे पान मिटल्यावर पुस्तक कपाटात न ठेवता पहिले प्रकरण पुन्हा वाचावे. हे टाळू नये. फाउलर सगळे आपल्याला सांगतो आहे असे पहिल्या वेळी वाटते. दुसऱ्या वेळी कळते की त्या रात्री पाइलची वाट पाहत बसलेला हा माणूस फुओंगपासून, पोलिसांपासून आणि आपल्यापासूनही काय लपवत होता. त्याच प्रकरणात खिडकीतून त्याला नदीकाठी दिव्यांच्या उजेडात नवी अमेरिकी विमाने उतरवलेली दिसतात. पहिल्या वाचनात ही ओळ नजरेतून निसटते. युद्ध फ्रेंचांचे, पण त्याच्या खर्चातला मोठा वाटा अमेरिका उचलू लागली होती. ग्रीन यांनी ते एका वाक्यात सांगून टाकले आहे.

नकाशाशिवाय हे पुस्तक वाचणे म्हणजे अर्धा आनंद सोडून देणे. अडचण अशी की पुस्तकातले एकही मोठे नाव आजच्या पाटीवर सापडत नाही. ज्या रस्त्यावर फाउलर राहतो तो 'रू कातिना' १९५५ नंतर 'तु दो' (स्वातंत्र्य) झाला आणि १९७५ नंतर 'दोंग खोई' (उठाव). एका रस्त्याची तीन नावे म्हणजे तीन राजवटी. ऑपेरा हाउससमोरचा 'प्लास गार्निए' म्हणजे आजचा लाम सॉन चौक. 'बुलव्हार शार्नेर' म्हणजे न्गुएन हुए, जिथे आता संध्याकाळी पोरे स्केटिंग करतात. 'बुलव्हार बोनार' म्हणजे ले लोई. चोलोनकडे जाणारा 'बुलव्हार गालिएनी' म्हणजे त्रान हुंग दाओ. शहराचे नावही १९७६ मध्ये बदलून हो ची मिन्ह झाले, तरी तिथली माणसे बोलताना सर्रास सायगॉन म्हणतात आणि आपल्या बॅगेवरच्या चिठ्ठीवर विमानतळाची अक्षरे 'एसजीएन' अशीच असतात. आणखी एक ताजा बदल. १ जुलै २०२५ पासून शहराचे जिल्हे रद्द करून नवे वॉर्ड केले गेले आहेत. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतला 'डिस्ट्रिक्ट वन' बोलण्यात आहे, पण कागदोपत्री नाही. आणि योगायोग असा की दोंग खोईचा परिसर ज्या नव्या वॉर्डात आला त्याचे नाव 'सायगॉन' आहे. ही पाच-सहा नावे एका कागदावर जुनी-नवी अशी समोरासमोर लिहून पुस्तकातच ठेवावीत.

शहरातली कादंबरी पायी पाहायला दोन तास पुरतात, मात्र ते सकाळचे सात ते नऊ असावेत. नंतर ऊन आणि मोटारसायकली दोन्ही सहन होत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचे 'ऑपेरा हाउस' हे भुयारी स्थानक थेट त्या चौकातच वर येते. ऑपेरा हाउस १९०० सालचे. त्याच्या शेजारी हॉटेल काँटिनेंटल, १८८० पासूनचे. याच्या रस्त्यालगतच्या उघड्या व्हरांड्यात फाउलरची आणि पाइलची पहिली भेट होते. तो व्हरांडा आता पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही, त्यामुळे पुस्तकातले चित्र डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्याची थोडी निराशा होते. चौकात उभे राहून तिसऱ्या भागाचे दुसरे प्रकरण तिथल्या तिथे पुन्हा वाचावे; दहा-बारा पाने आहेत. फुओंग रोज सकाळी अकराच्या सुमारास दूध प्यायला जाते तो मिल्क-बार, जवळच्या कॅफेतून स्फोटाआधीच उठून जाणाऱ्या दोन अमेरिकन मुली, मग तो स्फोट, आणि बुटावर लागलेले रक्त पाहून भांबावलेला पाइल. वीस-तीस पावलांच्या परिघात हे सारे घडते आणि जागेवर उभे राहिल्यावर त्या प्रसंगाची अंतरे एकदम कळतात. इथून वर चढत गेले की लाल विटांचे कॅथेड्रल आणि शेजारचे पोस्ट ऑफिस लागते. कॅथेड्रलची दुरुस्ती २०१७ पासून चालू आहे, तेव्हा बाहेरूनच पाहावे. या वरच्या टोकालाच फ्रेंच गुप्त पोलिसांचे, 'सुरेते'चे ठाणे होते, ज्याचा विगो हा वाचनवेडा अधिकारी फाउलरची चौकशी करतो. मग उलट दिशेने उतरून नदीपर्यंत यावे, तिथे १९२५ चे मॅजेस्टिक हॉटेल आहे. एवढा सगळा रस्ता किलोमीटरभरही नाही. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालणाऱ्याला तो काहीच वाटणार नाही.

इथे गाइड लोकांकडून हमखास होणाऱ्या तीन चुका सांगून ठेवतो. चौकातले कॅरॅव्हेल हॉटेल 'ग्रीनच्या काळचे' म्हणून दाखवले जाते. ते १९५९ मध्ये उघडले. त्याच्या गच्चीवर बसणारे बातमीदार पुढच्या, अमेरिकी युद्धातले. दुसरी चूक गिव्हराल कॅफेची. कादंबरीतल्या मिल्क-बारशी त्याचे नाव जोडले जाते, पण ती इमारत २०१० मध्येच पाडली गेली, तेव्हा शोधत फिरू नये. तिसरी चूक अशी की पाइल म्हणजे अमेरिकी गुप्तहेर एडवर्ड लान्सडेल. लान्सडेल सायगॉनला आला १९५४ मध्ये. तोवर ग्रीन यांचे लेखन दोन वर्षे चालू होते आणि त्यांनी स्वतः हे साम्य नाकारले आहे.

सायगॉनबाहेरचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे ताय निन्ह. सुमारे १०० किलोमीटर. इथे काओ दाई पंथाचे मुख्य मंदिर आहे. हा पंथ १९२६ मध्ये स्थापन झाला. बौद्ध, ताओ, कन्फ्युशियस यांच्यासह सगळ्या धर्मांचा मेळ घालू पाहणारा, डाव्या डोळ्याचे चिन्ह पुजणारा, आणि फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगोला संत मानणारा. दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात फाउलर इथल्या उत्सवाला येतो आणि परतीच्या वाटेवर कथा एकदम उंची गाठते. दिवसातून चार वेळा प्रार्थना होते: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि मध्यरात्री. प्रवाशाला जमणारी बाराची. त्यासाठी सायगॉनहून सातच्या आत निघावे लागते, कारण शहराबाहेर पडायलाच तासभर जातो. सहलवाले अनेकदा सकाळी कु ची उरकतात, कारण ते जवळ आहे, आणि मग ताय निन्हला वेळच उरत नाही. क्रम उलटा करायला सांगावे: आधी ताय निन्ह, परतताना कु ची. ते वाटेवरच आहे.

मंदिरात पादत्राणे काढावीत, प्रार्थनेच्या वेळी वरच्या सज्जातून शांतपणे पाहावे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. फाउलरने या मंदिराची मनसोक्त टर उडवली आहे, त्याला ते डिस्नेच्या रंगीत चित्रपटासारखे वाटते. ती त्या पात्राची नजर आहे. तीच नजर घेऊन आत शिरू नये. पांढऱ्या कपड्यांतली ती म्हातारी माणसे रोजच्या श्रद्धेने तिथे बसलेली असतात. आपल्याकडे कीर्तनात कुणी परका कॅमेरा रोखून हसत उभा राहिला तर कसे वाटेल, तेवढे आठवले तरी पुरे. जवळच ९८६ मीटर उंचीचा बा देन डोंगर आहे, ज्याच्या परिसरात जनरल थेचा मुक्काम असे. आज त्यावर रोपवे आहे.

ताय निन्हहून परतताना पेट्रोल संपते आणि फाउलर व पाइल रात्री शेतातल्या एका टेहळणी बुरुजात अडकतात. आत घाबरलेली दोन कोवळी शिपाई पोरे, बाहेर काळोख आणि त्या काळोखात कुठेतरी व्हिएतमिन्ह. दिवसा रस्ता फ्रेंचांचा, सूर्य मावळला की दुसऱ्यांचा. पुस्तकातला हा सर्वांत मोठा संवादही याच बुरुजात होतो: शेतकऱ्याला लोकशाही हवी आहे की पोटभर भात, हा. जुन्या सातारा जिल्ह्यातल्या वाचकाला ही परिस्थिती लंडनच्या वाचकापेक्षा लवकर उमजेल असे आम्हाला वाटते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इथल्या गावागावांत स्वतःची न्यायव्यवस्था चालवली. सरकारी अंमलदार दिवसा येऊन जायचा आणि गाव कुणाचे हुकूम पाळते ते त्याला कळायचे नाही. दोन्ही लढ्यांची विचारसरणी वेगळी, हिंसेचे प्रमाण तर फारच वेगळे, तेव्हा ही तुलना ओढूनताणून पुढे नेऊ नये. पण 'राज्य कुणाचे' या प्रश्नाला दिवसा एक आणि रात्री दुसरे उत्तर असते, एवढे समजायला ती कामी येते.

याच संदर्भात मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या एका मजकुराबद्दल. व्हिएतनामने छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र वाचून अमेरिकेला हरवले, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी तसे सांगितले, असा तो मजकूर. त्यात भाषणाची तारीख नसते, वर्तमानपत्राचे नाव नसते, राष्ट्राध्यक्षाचे नावही बहुधा नसते. सायगॉनच्या गाइडला याबद्दल विचारून अवघडल्यासारखे करू नये. महाराजांचा गनिमी कावा आणि व्हिएतनामी सेनापती जनरल ज्याप यांचे युद्धतंत्र यांचा तौलनिक अभ्यास अवश्य व्हावा, तो विषय मोठा आहे, पण तो कागदपत्रांवर व्हावा. महाराजांच्या गादीच्या गावातून तरी आधार नसलेली गोष्ट पुढे पाठवली जाऊ नये.

उत्तरेकडच्या भागासाठी एकच ठिकाण सुचवतो, कारण ते जवळजवळ सगळ्यांकडून हुकते. हनोईहून निन्ह बिन्हची एक दिवसाची सहल सगळेच करतात: होडी, चुनखडीचे डोंगर, गुहा. तिथून सुमारे ३० किलोमीटरवर फात झिएम आहे. पुस्तकात 'फात दिएम' असे वाचले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका व्हिएतनामी धर्मगुरूने बांधवून घेतलेले, दगड आणि लाकूड वापरून उभारलेले, लांबून देवळासारखे दिसणारे चर्च. १९५१ च्या अखेरीस व्हिएतमिन्ह या गावात घुसले आणि पहिल्या भागाचे चौथे प्रकरण त्या लढाईचे आहे. प्रेतांनी भरलेला कालवा आणि खड्ड्यात निपचित पडलेली आई व मूल ही दोन चित्रे त्यात आहेत. युद्धावरच्या लेखनात इतके आवाज न चढवता लिहिलेले फार थोडे सापडते. हे प्रकरण वाचून त्या कालव्याकाठी गेलेला माणूस तिथे सेल्फी काढणार नाही. निन्ह बिन्हला एक रात्र मुक्काम केला तर सकाळी जाऊन यायला तीन तास लागतात.

चित्रपटाने काम भागते का? पूर्णपणे नाही. दोन चित्रपट आहेत. १९५८ च्या चित्रपटाने शेवट फिरवून अमेरिकन पात्र निर्दोष ठरवले आणि ग्रीन त्यावर संतापले होते. तो वाचनाआधी मुळीच पाहू नये. २००२ चा, मायकल केनने फाउलर केलेला, पुस्तकाशी पुष्कळ प्रामाणिक आहे. तो पुस्तक संपल्यावर पाहावा, म्हणजे चौकातल्या स्फोटाचा प्रसंग डोळ्यांत राहतो.

पुस्तकाची उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या देशाबद्दल ते आहे त्या देशाची माणसे त्यात फार कमी बोलतात. फुओंगला दोन पुरुष आपापल्या कल्पनेप्रमाणे रंगवतात. एकाला ती अफूची नळी भरून देणारी सोबतीण वाटते, दुसऱ्याला वाचवायला हवी अशी लेकरू. तिला काय वाटते ते शेवटपर्यंत कळत नाही. काही जाणकार म्हणतात की ग्रीन यांनी हे मुद्दाम केले, दोघांचेही आंधळेपण दाखवायला. आम्हाला ते निम्मेच पटते. शिवाय फाउलरची भाषा वसाहतीच्या काळची आहे, काही ठिकाणी ती खुपते. मराठी वाचकाने आवर्जून पाहावे असे एक दुय्यम पात्र आहे: फाउलरचा मदतनीस दोमिंगेझ हा भारतीय. सौम्य, खऱ्याला जपणारा, आजारी पडलेला. कथेला कलाटणी देणारा एक महत्त्वाचा धागा फाउलरला त्याच्याकडून मिळतो.

म्हणून या कादंबरीला व्हिएतनामी लेखकाच्या कादंबरीची जोड द्यावी. बाओ निन्ह हे उत्तर व्हिएतनामच्या सैन्यात लढलेले लेखक. 'द सॉरो ऑफ वॉर' या नावाने त्यांची कादंबरी इंग्रजीत आहे. ती अमेरिकी युद्धाची आणि जिंकलेल्या बाजूच्या सैनिकाच्या दुःखाची आहे. युद्धसंग्रहालय पाहण्याआधी तिची पहिली पन्नास पाने वाचली तरी तिथली छायाचित्रे वेगळी दिसतात. दोन्ही पुस्तके इथूनच घेऊन जावीत. सायगॉनच्या पदपथावर त्यांच्या झेरॉक्स प्रती विकायला असतात, पण त्यात पाने पुसट, मागेपुढे किंवा चक्क गायब असतात, आणि काळाची उलटापालट असलेल्या पुस्तकात पान हरवले तर पत्ताही लागत नाही.

आता आमच्या मागण्या. जिल्ह्यातल्या सहल आयोजकांनी व्हिएतनामचे पैसे भरून घेताना प्रवाशाच्या हातात टोपी आणि पिशवीबरोबर एक छापील पानही द्यावे. एका बाजूला १९४६, १९५४, १९६५, १९७५ ही चार साले दोन-दोन ओळींत, दुसऱ्या बाजूला रस्त्यांची जुनी-नवी नावे. सायगॉनमधली एक सकाळ नऊपर्यंत मोकळी सोडावी. नाही तरी बस साडेनऊच्या आत निघत नाही. ताय निन्हचा पर्याय लेखी द्यावा, म्हणजे ऐनवेळी 'वेळ नाही' हे उत्तर येणार नाही. पुस्तकांचे गाव म्हणून भिलार ज्या जिल्ह्यात उभे राहिले, तिथल्या सार्वजनिक वाचनालयांनी सुट्टीच्या आधी दीड महिना एक फळी 'प्रवासाआधी' म्हणून वेगळी काढावी आणि या कादंबरीच्या निदान दोन प्रती त्यावर ठेवाव्यात. एक प्रत असली की ती नेमकी कुणाच्या तरी घरी अडकते आणि दुसऱ्याचे विमान निघून जाते. अशा पुस्तकांसाठी मुदत तीन आठवड्यांची असावी. आठवड्याच्या मुदतीत ती घाईने वाचली जातात किंवा न वाचता परत येतात.

आणि आपल्याला विनंती अशी की पर्यटनाच्या पानावर एखाद्या देशाची माहिती छापताना विमानभाडे, हवामान, चलन या चौकटीत एक ओळ वाढवावी: 'जाण्याआधी काय वाचावे'. व्हिएतनामपुरती ती ओळ वर दिलीच आहे. इतर देशांसाठी वाचकांकडून नावे मागवावीत. पत्रे येतील, याची आम्हाला खात्री आहे.

आपले,
साताऱ्यातील काही वाचक